ओहायोची एक्सेल शीट

गेल्या रविवारी जुनी हार्ड डिस्क रिकामी करायला बसलो. तीन वर्षं नुसतं ठरवत होतो, शेवटी बायकोने तो अख्खा ड्रॉवरच समोर आणून ठेवला. फोटो, गाणी, कुठल्यातरी प्रोजेक्टची डिझाईन डॉक्युमेंट्स (जी माझ्याकडे असायलाच नको होती) आणि त्यातच एक फाईल. नाव 'ओहायो फायनल फायनल २'. उघडली तर २००८ सालची एक्सेल शीट. एका ओळीत एक राज्य, अकरा कॉलम, आणि शेवटच्या कॉलममध्ये दोनच उत्तरं: हिलरी किंवा ओबामा.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी दिल्लीत बसून ठरवत नाहीत, म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बसून. राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होतं. कुठे सरळ मतदान, त्याला प्रायमरी म्हणतात. कुठे कॉकस, म्हणजे संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये वगैरे जमायचं आणि तिथेच आपण कोणाच्या बाजूचे ते सांगायचं. त्यातून डेलिगेट निवडले जातात. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्यात हे प्रकरण ३ जानेवारीला आयोवात सुरू झालं ते ३ जूनला माँटाना आणि साउथ डाकोटात संपलं. साडेतीन कोटींच्या वर लोकांनी मतं दिली आणि मतदानातून निवडलेल्या डेलिगेटमधला शेवटचा फरक सव्वाशेच्या आसपास होता. म्हणजे काटे की टक्करच.

मी तेव्हा कोलंबसला होतो, ओहायोत. एच-वन-बीवर आलेला, मत नसलेला, आणि त्यामुळेच की काय, इतरांच्या मतांचा हिशेब मांडण्यात पूर्ण बुडालेला. ४ मार्चला ओहायोचं मतदान झालं. ऑफिसात माझ्या वयाचे सगळे ओबामावाले. डाउनटाउनमध्ये, युनिव्हर्सिटीच्या बाजूला, जिकडे बघावं तिकडे त्याच्याच पाट्या. मला खात्री होती, ओबामा आला. झालं काय, तर हिलरी जवळपास नऊ टक्क्यांनी जिंकली. ८८ पैकी फक्त ५ कौंट्यांत ओबामा पुढे होता, आणि त्यातल्या एका कौंटीत मी राहत होतो!

त्याच आठवड्यात, ७ आणि ८ मार्चला, कोलंबसमध्ये विक्रमी बर्फ पडला. वीस इंचाच्या वर. गाडी कुठे उभी केली होती ते शोधायलासुद्धा फावडं लागेल अशी अवस्था. दोन दिवस घरात कोंडलेला इंजिनिअर काय करणार? मॅगी आणि एक्सेल.

शीटची आयडिया सोपी होती. पोल बिल बाजूला ठेवायचे. राज्यात कृष्णवर्णीय किती, लॅटिनो किती, कॉलेजची पदवी असलेले किती, पासष्टीच्या वरचे किती, प्रायमरी आहे की कॉकस, एवढं भरायचं. आधी झालेल्या राज्यांवरून वजनं बसवायची आणि पुढच्या राज्यांचा निकाल काढायचा. आणि गंमत म्हणजे ते चालायचं! पेनसिल्व्हेनिया बरोबर. नॉर्थ कॅरोलायना बरोबर. वेस्ट व्हर्जिनिया तर डोळे मिटून.

हे डोकं काही मला एकट्यालाच सुचलं नव्हतं. बेसबॉलच्या आकडेमोडीत मुरलेला नेट सिल्व्हर ह्याच पद्धतीने, पण माझ्यापेक्षा शंभरपट नीट, काम करत होता. ६ मेच्या इंडियाना आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या निकालांचा त्याचा अंदाज बहुतेक पोलवाल्यांपेक्षा अचूक निघाला आणि तिथून तो प्रसिद्ध झाला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एप्रिलमध्ये तर चक्क इफ-एल्स छापलं. कौंटीत २० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आहेत का? असतील तर ओबामा: अशा ३८३ कौंट्या त्याला, ७० हिलरीला. नसतील, तर पुढचा प्रश्न: हायस्कूल पूर्ण केलेल्यांचं प्रमाण ७८ टक्क्यांच्या वर आहे का? नाही? मग हिलरी, ७०४ विरुद्ध ८९. दोन प्रश्नांत बाराशेच्या वर कौंट्यांचा निकाल! भाषणं, जाहिराती, वादविवाद, सगळं पाण्यात.

मी हे फोनवर मामांना सांगितलं. मामांनी हयात तालुक्याच्या राजकारणात घालवलेली, उमेदवार म्हणून नाही, बूथवर बसणारा माणूस म्हणून. ते म्हणाले, "अरे मग आपल्यासारखंच की. तिथले मराठे कोण ते सांग." माळी-धनगर-वंजारी जुळवून 'माधव' करणाऱ्या महाराष्ट्रातला माणूस त्याला दुसरं काय म्हणणार. त्यांना अमेरिकेबद्दल वाटणारा आदर त्या दिवशी बहुतेक निम्म्यावर आला.

मला मात्र तेव्हा 'आपल्यासारखंच' हे पटलं होतं. आज तेवढं पटत नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी नियमांबद्दल बोलू, कारण माणसांचे गट आपोआप डेलिगेट होत नाहीत. मध्ये एक मशीन असतं. डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, आणि त्यातले बरेचसे मतदारसंघाप्रमाणे. आता एखाद्या मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत. तुम्ही तिथे ६० विरुद्ध ४० ने जिंकलात. दणदणीत विजय. वाटणी? २.४ आणि १.६, राउंड करून २-२. भोपळा! तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघाला ५ आहेत, तिथे ५१ टक्क्यांनासुद्धा ३-२. राउंडिंगचा असला बग मी कोडमध्ये ठेवला असता तर टेस्टिंगवाल्यांनी मला उलटा टांगला असता.

टेक्सासमध्ये तर कळसच. तिथे मतदारसंघाला किती डेलिगेट मिळणार, हे आधीच्या निवडणुकांत तिथून डेमोक्रॅटिक पक्षाला किती मतं पडली त्यावर ठरलेलं होतं. ह्यूस्टन, डॅलस इथले कृष्णवर्णीय मतदारसंघ आणि ऑस्टिनचा विद्यापीठाचा भाग, तिथे डेलिगेट जास्त. दक्षिण टेक्सासमधले लॅटिनो मतदारसंघ, जिथे हिलरी तुफान चालली, तिथे कमी. वर पुन्हा त्याच दिवशी संध्याकाळी वेगळी कॉकस. परिणाम असा की प्रायमरी हिलरीने जिंकली, बातम्यांत हिलरी जिंकली, आणि डेलिगेट मात्र ओबामाला जास्त, ९९ विरुद्ध ९४.

किंवा ५ फेब्रुवारी घ्या, सुपर ट्यूजडे. न्यू जर्सीत अकरा लाखांवर लोकांनी मतदान केलं, हिलरीने लाखाहून जास्त मतांची आघाडी घेतली, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८. म्हणजे ११ ची कमाई. त्याच दिवशी आयडाहोत, जिथे डेमोक्रॅट शोधावे लागतात, कॉकसला २१ हजारांच्या आसपास माणसं आली आणि ओबामाला १५ विरुद्ध ३. कमाई १२. ओबामाच्या लोकांनी आयडाहोत ऑफिस उघडलं होतं, मतदानाच्या तीन दिवस आधी तो स्वतः बॉइझीत सभा घेऊन आला. हिलरीच्या लोकांनी ही छोटी राज्यं सोडून दिली होती. ह्याला डेमोग्राफी म्हणायचं की नियमावली नीट वाचणं? मला विचाराल तर दुसरं.

कॉकसचा मुद्दा तर सरळ सरळ कामाच्या वेळेचा आहे. संध्याकाळी सातला दोन तास हॉलमध्ये कोण उभं राहू शकतं? विद्यार्थी राहू शकतो, माझ्यासारखा डेस्कवरचा माणूस राहू शकतो. रात्रपाळीची नर्स, लहान मुलं घरी असलेली आई, गुडघे दुखणारी आजी नाही राहू शकत. वॉशिंग्टन राज्यात २००८ मध्ये दोन्ही झालं. ९ फेब्रुवारीच्या कॉकसमध्ये ओबामा ६८ विरुद्ध ३१. दहा दिवसांनी तिथेच प्रायमरी झाली (तिच्या निकालाचा डेलिगेटशी संबंध नव्हता, तरी लाखो लोक मत देऊन गेले), त्यात ५१ विरुद्ध ४६. राज्य तेच, महिना तोच. बदललं ते फक्त दार, आणि त्या दारातून आत कोण येऊ शकतं ते. माझ्या शीटमध्ये 'कॉकस' नावाचा एक कॉलम होता, १ किंवा ० भरायचा. एवढं सगळं मी एका बिटमध्ये कोंबलं होतं.

बरं, आता गटांकडे वळू. सगळ्यात पक्का गट कोणता, तर कृष्णवर्णीय मतदार ओबामाचे. आज हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं उघड वाटतं. पण २००७ मध्ये तसं अजिबात नव्हतं. क्लिंटन घराण्याचे ह्या समाजाशी जुने संबंध, आणि ओबामा बऱ्याच जणांना नवखा वाटत होता. जॉर्जियाचे जॉन लुईस, नागरी हक्कांच्या लढ्यात डोकं फोडून घेतलेला माणूस, त्यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये हिलरीला पाठिंबा दिला होता. अनेकांचं म्हणणं सरळ होतं: गोरे लोक ह्याला मत देणारच नाहीत, मग आपलं मत वाया का घालवायचं? मग आयोवा झालं. ९० टक्क्यांहून जास्त गोऱ्या राज्याने ओबामाला पहिला आणि हिलरीला तिसरा क्रमांक दिला. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची चारपैकी तीनहून जास्त मतं ओबामाला. लुईस यांनीही फेब्रुवारीच्या शेवटी बाजू बदलली. म्हणजे एका गटाने काय केलं हे बघून दुसऱ्या गटाने ठरवलं. जनगणनेचे आकडे जानेवारीत बदलले नव्हते, विश्वास बदलला होता. मामांना हे मात्र लगेच समजलं असतं. हवा कुठे वाहते ते बघून शेवटच्या दोन दिवसांत गावंच्या गावं फिरलेली त्यांनी पाहिलेली आहेत.

आणि 'गोरा मतदार' हा तर गटच नव्हे. २० मे २००८, एकाच दिवशी केंटकी आणि ओरेगन. दोन्ही बहुसंख्य गोरी राज्यं. केंटकीत हिलरी ३५ टक्क्यांनी पुढे. ओरेगनमध्ये ओबामा १८ टक्क्यांनी पुढे. ओबामाचा आलेख काढलात तर मधे खड्डा दिसतो: जिथे कृष्णवर्णीय जवळजवळ नाहीत अशी बरीच राज्यं त्याची, जिथे भरपूर आहेत ती दक्षिणेतली राज्यं त्याची, आणि मधली, ओहायो-पेनसिल्व्हेनियासारखी, हिलरीची. का, ह्यावर पुस्तकं लिहिली गेली. वंशाचा प्रश्न त्यात होताच, तो नव्हता असं म्हणणारा माणूस एकतर भोळा किंवा लबाड. पण तेवढाच होता असं म्हटलं की आठ वर्षांनंतरचं वेस्ट व्हर्जिनिया समजत नाही.

२००८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने हिलरीला ६७ टक्के मतं दिली, ओबामाला २६. सगळ्यांनी लिहिलं, हे हिलरीचे लोक. २०१६ मध्ये तीच हिलरी, तीच प्रायमरी, समोर बर्नी सँडर्स. हिलरीला ३६ टक्के! सँडर्स ५१. डोंगर तेच, खाणी त्याच, माणसंही बरीचशी तीच. मधल्या काळात ती ओबामाच्या मंत्रिमंडळात जाऊन आली होती, आणि कोळसा खाणी बंद पडणार असं काहीतरी त्याच वर्षी बोलून बसली होती. म्हणजे २००८ चं मत 'हिलरीसाठी' होतं की 'समोरच्याला नको' होतं की 'आहे ते नको' होतं? माझ्या शीटला ह्यातला फरक कळायची सोयच नव्हती. तिच्या लेखी ६७ म्हणजे ६७.

नेते मात्र गटांच्या भाषेत बोलतात, आणि तिथे मला खरा राग येतो. मे महिन्यात हिलरीने एका मुलाखतीत कष्टकरी गोऱ्या अमेरिकनांमध्ये ओबामाचा पाठिंबा कमी होतोय असं सांगितलं, जणू कष्ट फक्त गोरेच करतात. ओबामा सॅन फ्रान्सिस्कोत देणगीदारांसमोर, छोट्या गावांतले लोक कटू होऊन बंदुका आणि धर्माला धरून बसतात, असं म्हणाला. आणि आपल्या लोकांचं सांगायचं तर २००७ मध्ये ओबामाच्या प्रचारवाल्यांच्या एका कागदावर हिलरीला 'पंजाबची डेमोक्रॅट' म्हटलं होतं, भारतीयांकडून पैसे घेते आणि नोकऱ्या भारतात जाऊ देते म्हणून. बोंबाबोंब झाल्यावर ती चूक होती असं त्याने कबूल केलं. पण तो कागद ओहायोत आलेल्या माझ्यासारख्या माणसाबद्दलच होता, नाही का?

इथे त्या बाईंबद्दल सांगायला हवं. नाव नको, कंपनीचंही नको. पन्नाशी पार केलेल्या, गोऱ्या, कॉलेज न केलेल्या. क्लार्क म्हणून लागल्या आणि वीसेक वर्षांत त्या जुन्या क्लेम्स सिस्टिमचा कोपरानकोपरा माहिती असलेली एकमेव व्यक्ती होऊन बसल्या. त्यांचं सगळं ज्ञान माझ्यामार्फत पुण्याच्या टीमकडे न्यायचं, हे माझं काम. केटी, नॉलेज ट्रान्सफर. ते झालं की त्यांची नोकरी जाणार हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं रोज सकाळी दहा वाजता त्याच विषयावर बसून स्क्रीनशॉट काढत होतो. हिलरी आणि ओबामा दोघंही त्या महिन्यात ओहायोभर हिंडून नाफ्टा करार आणि बाहेर गेलेल्या नोकऱ्यांबद्दल बोलत होते. ऑफिसात तो विषय निघाला की लोक माझ्याकडे बघायचं टाळायचे. त्या टाळायच्या नाहीत.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी आगाऊपणा केला. लॅपटॉप उघडून त्यांना शीट दाखवली आणि म्हटलं, ह्यानुसार तुम्ही हिलरीला मत दिलं असणार. त्यांनी विचारलं, कशावरून? मी कॉलम दाखवले. वय, शिक्षण, बाई, गोऱ्या. त्यांनी ते सगळं वाचलं. मग म्हणाल्या, मत तिलाच दिलं, पण तुझ्या ह्या कागदावर त्याचं कारण नाहीये.

कारण त्यांनी सांगितलं. नोकरी गेली की आरोग्य विमा जाणार. त्यांना मधुमेह. खासगी विमा कंपनी आधीचं दुखणं असलेल्याला दारात उभी करत नाही. त्यांनी दोघांच्या योजना वाचल्या होत्या, अक्षरशः प्रिंट काढून. हिलरीच्या योजनेत प्रत्येकाला विमा घेणं बंधनकारक होतं, ओबामाच्या योजनेत फक्त मुलांसाठी. बंधन नसेल तर धडधाकट माणसं विमा घेणार नाहीत, मागे फक्त आजारी उरतील आणि हप्ते परवडणार नाहीत, हे त्यांनी मला पाच मिनिटांत समजावलं. आयुष्यभर क्लेम्समध्ये काम केलेली बाई, तिला हे गणित कळणार नाही तर कोणाला? मी ऑफिसातला ओबामावाला. दोघांच्या योजनांतला हा फरक मला माहीतसुद्धा नव्हता.

माझं उत्तर बरोबर आणि कारण चूक. टेस्ट पास, लॉजिक फेल. असला कोड सगळ्यात घातक, कारण त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. नंतर मला राहून राहून वाटायचं, त्या ७०४ कौंट्यांमध्ये अशी किती माणसं असतील ज्यांना आपण 'कमी शिकलेला गोरा मतदार' म्हणून फाईलबंद केलं आणि ज्यांनी प्रत्यक्षात योजना वाचली होती. आणि अशीही असतीलच ज्यांनी काही न वाचता फक्त रंग बघून मत दिलं. कौंटीच्या बेरजेतून ही दोन माणसं वेगळी काढता येत नाहीत.

शीट फेकून द्या असं मी म्हणत नाहीये. गट असतात आणि ते मोजावेही लागतात. २०२० मध्ये जो बायडन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. (त्या वर्षी आयोवातले निकाल जमवायचं ॲप बसलं आणि विजेता कोण तेच कित्येक दिवस कळेना. पुरेसं टेस्टिंग न करता लाइव्ह गेले की असं होतं.) सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं होतं. पण ती दोन्ही राज्यं जवळजवळ गोरी आहेत, खरा मतदार अजून बोललाच नाहीये, हे ज्यांच्या शीटमध्ये होतं ते शांत होते. साउथ कॅरोलायनाने बायडनना जवळपास ४९ टक्के दिले आणि खेळ फिरला. पुढे २०२४ साठी पक्षाने अधिकृत यादीत साउथ कॅरोलायनालाच पहिलं केलं. कोण आधी बोलणार हे ठरवणं म्हणजे अर्धी निवडणूक ठरवणं, आणि ते जनगणना ठरवत नाही, एक समिती ठरवते.

७ जून २००८ ला हिलरीने माघार घेऊन ओबामाला पाठिंबा जाहीर केला. बाईंचा शेवटचा दिवस त्याच्या आसपासच होता. मला त्यांनी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा स्वतःचा स्क्रेपर दिला. म्हणाल्या, पुढच्या हिवाळ्यात तू इथे असशील, मला ह्या पार्किंगमध्ये तो लागणार नाही.

मार्च २०१० मध्ये ओबामाने आरोग्य विम्याच्या कायद्यावर सही केली. आधीचं दुखणं असलेल्याला नाकारायचं नाही, आणि प्रत्येकाला विमा बंधनकारक. म्हणजे बाईंनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलेली, आणि त्याने प्रायमरीत सहा महिने विरोध केलेली तीच गोष्ट. (विमा न घेणाऱ्याचा दंड पुढे २०१९ पासून शून्यावर आणला, ती वेगळी कथा.) मी तोवर पुण्याला परतलो होतो. बातमी वाचल्यावर त्यांना मेल टाकली. पाच मिनिटांत परत आली. तो ऑफिसचा आयडी होता, बंद झालेला.